गावातला खातेदार, शहरातला खातेदार: फरक सवयीचा की पैसा येण्याच्या वेळेचा?

शिक्का_आणि_सही

नमस्कार मंडळी. राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी करून निवृत्त झालो. निम्मी नोकरी मराठवाडा-विदर्भातल्या खेड्यांतल्या शाखांत झाली, उरलेली पुण्या-मुंबईत. दोन्हीकडे काउंटरच्या आत बसल्यामुळे एक गोष्ट फार दिवस मनात आहे. आमच्या बैठकांत एक वाक्य नेहमी कानावर यायचं, "ग्रामीण ग्राहकाला बँकिंगची सवय नाही." मला ते कधीच पटलं नाही. सवय असते, पण ती त्याच्याकडे पैसा कधी येतो आणि बँक किती लांब आहे यावर ठरते.

पगारदाराचा पैसा एक तारखेला पडतो, पाच तारखेला हप्ता जातो, पुढचा महिना पुन्हा तसाच. बँकेच्या बहुतेक योजना या माणसाला डोळ्यासमोर ठेवून आखलेल्या आहेत. गावात मात्र दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं. उसाचं बिल १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवसांत यायला हवं, प्रत्यक्षात केव्हा येईल ते कारखान्यावर. कापूस-सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आगेमागे एकदाच. पीएम किसानचे २,००० रुपये चार महिन्यांनी. अशा माणसाला "दरमहा किमान शिल्लक ठेवा" सांगून काय उपयोग?

पैसे जमा झाले की गावातला खातेदार ते जवळजवळ सगळे काढून नेतो, ही आमच्या साहेबांची नेहमीची तक्रार. खात्यात काही राहतच नाही म्हणून. मी एका म्हातारबुवांना विचारलं होतं की थोडे राहू द्या, पुढच्या आठवड्यात न्या. ते म्हणाले, "साहेब, पुढच्या आठवड्यात यायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते आणि एसटीचं भाडं वेगळं. हजार रुपये काढायला दोन-तीनशे घालवू का?" त्यांचा हिशेब चोख होता. आपल्या घराखाली एटीएम आहे, म्हणून आपण पाचशे-पाचशे काढतो.

आणि पासबुक! प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक, आधारची झेरॉक्स, सातबारा, दोन फोटो असा सगळा संसार घेऊन माणूस येतो. एन्ट्री मारून घेतल्याशिवाय हलत नाही. "हे ४३६ कशाचे कापले?" हा प्रश्न मला दर जूनमध्ये खेड्यात हमखास विचारला जायचा. शहरातल्या शाखेत तो क्वचितच कोणी विचारला. ४३६ म्हणजे जीवनज्योती विम्याचा हप्ता. खातेदार गेला तर घरच्यांना दोन लाख मिळतात. अपघात विम्याचे २० रुपये वेगळे. शहरातला माणूस हप्ता भरत राहतो आणि असा विमा आहे हे बायकोला माहीतच नसतं. मग दावा करणार कोण?

तुमचे अनुभव वाचायला आवडतील. विशेषतः जे गावात राहून बँकेशी व्यवहार करतात त्यांचे.

काळी_माती

साहेब, धागा काढलात, बरं वाटलं. एक गोष्ट बँकेच्या कागदावर कधीच दिसत नाही, ती सांगतो. नवं-जुनं.

माझं पीककर्ज गावच्या सहकारी सोसायटीमार्फत जिल्हा बँकेचं. मुदतीत फेडलं तर आपल्या राज्यात तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला शेतकऱ्याला व्याज पडत नाही, केंद्राची आणि राज्याची सवलत मिळून. योजना चांगलीच आहे. पण खरिपाच्या कर्जाची मुदत ३१ मार्चला संपते. मार्चमध्ये माझ्याकडे काय असतं? सोयाबीन नोव्हेंबरात पडत्या भावाने विकलेलं असतं किंवा भाव येईल या आशेवर घरात पोती पडलेली असतात. हरभरा नुकता निघालेला. सोसायटीच्या गटसचिवाचा फोन येतो, "भरणा करून घ्या, नाहीतर थकीत दिसाल." थकीत दिसलो की सवलतही गेली आणि पुढचं कर्जही गेलं.

मग आडत्याकडून नाहीतर गावातल्या कोणाकडून तरी उचल घ्यायची. आमच्याकडे दर तीन रुपये शेकडा, महिन्याला. समजा दीड लाख उचलले, तर महिन्याचे ४,५०० झाले. ते दीड लाख सोसायटीत भरायचे. पावती मिळते. एप्रिलमध्ये नवी मंजुरी येते, खात्यावर पैसे पडतात, त्याच दिवशी काढून ज्याचे त्याला नेऊन द्यायचे. मंजुरी लांबली तर आणखी एक महिन्याचं व्याज. पेरणीला हातात काय उरलं? बँकेच्या वहीत मी शून्य टक्क्यांचा वक्तशीर कर्जदार. माझ्या घरच्या वहीत ४,५०० रुपये व्याज.

आता बाहेरचा माणूस बघेल, तर म्हणेल की हा कर्ज घेतो आणि त्याच दिवशी सगळी रोकड काढतो, याला काही शिस्त नाही. रोकड कशासाठी काढली ते विचारा ना.

लोकल_९_१४

धागाकर्त्यांचा मुद्दा कळला, पण मी थोडी वेगळी बाजू मांडतो. माझं बालपण तालुक्याच्या गावी गेलं, आता नोकरीनिमित्त ठाण्यात आहे. वडील अजून गावी आहेत. त्यांना मी यूपीआय सुरू करून दिलं, स्मार्टफोन दिला, तरी खताच्या दुकानात ते रोख पैसेच देतात. नोंद राहत नाही. उद्या दुकानदाराने बोगस बियाणं दिलं तर पुरावा काय? रोखीच्या सवयीने गावाचं नुकसान होतं, हे मान्य करायला काय हरकत आहे? प्रत्येक गोष्टीला "परिस्थिती" म्हणून सोडून देणं मला बरोबर वाटत नाही. परिस्थिती बदलली की सवयही बदलायला हवी. यूपीआय येऊनही आता बरीच वर्षं झाली (२०१६).

काळी_माती

लोकल, पावतीचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. पक्कं बिल मागायलाच हवं, पैसे रोख द्या नाहीतर फोनवरून.

पण २०१६ चा उल्लेख केलात म्हणून आठवण देतो. ८ नोव्हेंबरला नोटा बंद झाल्या. १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई केली. शहरात लोक रांगेत उभे राहिले, त्रास त्यांनाही झालाच. पण आमच्या गावाची बँक म्हणजे जिल्हा बँकच होती. रांग लावायला जागाच नाही! ऐन रब्बीच्या पेरणीत आमचं खातं असून नसल्यासारखं झालं. राष्ट्रीयीकृत बँक तालुक्याला, तिथे आमचं खातं नाही. तेव्हापासून वडील म्हणायचे, पेरणीपुरते पैसे घरात असू दे. अशी सवय एका दिवसात लागते, आणि जायला पिढी लागते.

शिक्का_आणि_सही

यात आणखी भर. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट, आंध्र, कॉर्पोरेशन, अलाहाबाद अशा बँका दुसऱ्या बँकांत विलीन झाल्या. शहरातल्या खातेदाराला ईमेल गेला, त्याने नवा आयएफएससी टाकला, विषय संपला. गावातल्या माणसाच्या हातात जुनं पासबुक, त्यावर जुना कोड. तोच कोड त्याने अनुदानाच्या अर्जावर लिहिला आणि पैसे परत गेले. चूक त्याची नव्हती. पण हेलपाटे त्यालाच.

बँकमित्र_नाक्यावरचा

मी गावात ग्राहक सेवा केंद्र चालवतो, म्हणजे बँक मित्र. दोन्ही बाजूंचं थोडंथोडं बरोबर आहे असं मला वाटतं.

आधी यूपीआयचं. आमच्या गावात आता चहाचे पैसेही फोनवरून देतात. पोरं तर खिशात नोट ठेवत नाहीत. पण रक्कम मोठी झाली की तीच पोरं म्हणतात, रोख द्या. आणि साठीच्या पुढचा माणूस पूर्ण रोखीवर. त्यामुळे मला फरक गाव आणि शहरापेक्षा वयाचा जास्त दिसतो. पुण्यातल्या सत्तर वर्षांच्या आजोबांना विचारून बघा, तेही विड्रॉल स्लिपच भरत असतील.

आता माझ्याकडे येणाऱ्या बायाबापड्यांचं सांगतो. अंगठ्यावर पैसे काढतात, एका वेळी जास्तीत जास्त १०,०००. अडचण अशी की कांदा निवडणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बाईच्या अंगठ्यावर रेषाच राहत नाहीत. मशीन घेत नाही. बाई घाबरते, तिला वाटतं खातं बंद झालं. मी ओल्या फडक्याने हात पुसून घेतो, मग दुसरं बोट लावून बघतो. आधारला दहाही बोटं दिलेली असतात, अंगठाच लागतो असं नाही. माझ्या अनुभवात अनामिका बरेचदा जुळते, कारण ते बोट कमी घासलं जातं. हे कुणी सांगतच नाही. "अंगठा येत नाही" म्हणून माणूस परत पाठवतात.

दुसरं, लाडकी बहीण योजनेच्या वेळी, २०२४ च्या पावसाळ्यात, काय झालं ते बँकवाल्यांनी बघितलंच असेल. पैसे आधारवर येतात. आधार शेवटी ज्या बँकेला जोडलं त्या खात्यात पडतात, अर्जावर कुठलंही खातं लिहा. एकेका बाईची तीन खाती. एक जनधनचं २०१४-१५ मधलं, एक बचत गटासाठी काढलेलं, एक पोराच्या शिष्यवृत्तीसाठी. ती ज्या पासबुकावर एन्ट्री मारून बघते त्यात काहीच नाही, म्हणून रडते, आणि पैसे तिसऱ्याच खात्यात पडलेले! आधारच्या साइटवर लॉगिन केलं की कुठली बँक जोडली आहे ते दिसतं. आधी ते बघा, मग बँकेत जा. निम्म्या बाया माझ्याकडूनच हसत घरी गेल्या.

एक विनंती सगळ्यांना. बँक मित्राला ग्राहकाकडून परस्पर पैसे घ्यायची परवानगी नसते, आमचं कमिशन बँक देते. "हजाराला वीस" मागणारे आहेत, मला माहीत आहे. देऊ नका. आणि पैसे काढल्यावर पावती मागा. अंगठा दोनदा लावायला सांगितला तर कारण विचारा. पहिला व्यवहार फेल झाला असेल तर त्याचीही स्लिप निघते.

रानफूल

बोटाची माहिती आजच आईला सांगते. तिला दोनदा परत पाठवलं आहे. धन्यवाद दादा.

वहीतली_ताई

मी गेली बरीच वर्षं बचत गटाचं काम करते. या चर्चेत बायका फक्त योजनेच्या पैशापुरत्या आल्या, म्हणून लिहिते.

गावातल्या बाईची बचतीची सवय बँकेपेक्षा जुनी आहे. डाळीच्या डब्यातले पैसे सगळ्यांना माहीत आहेत. ते पैसे बँकेत यावेत म्हणून नाबार्डने १९९२ मध्ये गट आणि बँक जोडायचा कार्यक्रम सुरू केला. गटाच्या बैठकीत काय होतं? ठरलेल्या दिवशी सगळ्या गोल बसतात. प्रत्येकीचे पैसे सगळ्यांसमोर मोजले जातात, वहीत लिहिले जातात, मोठ्याने वाचून दाखवले जातात. जिला वाचता येत नाही तिलाही स्वतःची शिल्लक तोंडपाठ असते आणि शेजारणीचीसुद्धा. शहरातल्या माझ्या भाचीला तिच्या खात्यात आज किती आहेत ते फोन उघडल्याशिवाय सांगता येणार नाही.

म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेची गोष्ट इथल्या पुष्कळांना माहीत असेल. चेतना सिन्हांनी परवान्याचा अर्ज केला तेव्हा रिझर्व्ह बँकेने तो नाकारला. अर्जावर बायकांचे अंगठे होते. त्या बायका लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करून दाखवतो म्हणाल्या. १९९७ मध्ये बँक उभी राहिली. सही न येणं आणि हिशेब न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी दाखवून दिलं.

मला खरी अडचण वेगळीच दिसते. खातं बाईच्या नावाचं, एटीएम कार्ड नवऱ्याकडे, पिन नवऱ्याला पाठ, मेसेज नवऱ्याच्या फोनवर. म्हणून बाई कार्ड असूनही शाखेत येऊन स्लिप भरते किंवा बँक मित्राकडे अंगठा लावते. अंगठा तिच्याजवळच असतो, तो कोणी खिशात घालून नेऊ शकत नाही. हे शहरातही होतं, फक्त तिथे ते झाकलेलं असतं. गटातल्या बायकांना मी एवढंच सांगते, मोबाइल नंबर स्वतःचा लावा. साधा फोन असला तरी चालतो, मेसेज त्यावरही येतो.

ठेवपावती

मी मुंबईची, आयुष्य इथेच गेलं. शहरातला ग्राहक शहाणा, हा समज आम्हाला महागात पडला आहे. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. आमच्या सोसायटीतल्या शिकल्यासवरलेल्या लोकांनी निवृत्तीची सगळी पुंजी तिथे ठेवली होती. अर्धा-पाऊण टक्का व्याज जास्त आणि मॅनेजर ओळखीचे, एवढ्यावर. तेव्हा ठेवीवर विम्याचं संरक्षण फक्त एक लाखाचं होतं, ४ फेब्रुवारी २०२० पासून ते पाच लाख झालं. पाच लाख म्हणजे एका बँकेत एका माणसाचे मुद्दल-व्याज मिळून, सगळ्या शाखांचे एकत्र. दोन शाखांत पाच-पाच लाख ठेवले तरी संरक्षण पाचाचंच. हे अजून कित्येकांना माहीत नाही.

गावात लोक चौकशी तरी करतात, की तिथे कोण बसतं, कोणाच्या हातात आहे. आम्ही पाटी बघतो आणि व्याजाचा तक्ता.

पिग्मीवाला_पोरगा

ठेवपावती ताई, पतसंस्थेचाही विषय यात घ्या. माझे वडील पतसंस्थेचे पिग्मी एजंट होते. रोज संध्याकाळी बाजारपेठेत फिरून टपरीवाला, न्हावी, भाजीवाली यांच्याकडून दहा-वीस-पन्नास गोळा करायचे. पिग्मी ही कल्पना १९२८ मध्ये सिंडिकेट बँकेने कर्नाटकात काढली, दिवसाचे दोन आणे. ज्याची कमाई रोजची त्याच्याकडे बँकेनेच रोज जायचं, इतकी सरळ गोष्ट. आज शहरात लोक म्युच्युअल फंडातल्या रोजच्या एसआयपीचं कौतुक करतात, ते आमच्या बाजारपेठेला नवं नाही.

पण पतसंस्थेतल्या ठेवीला तो पाच लाखांचा विमा लागू नाही. ती बँक नाही. पाटी बँकेसारखी असते, काउंटर तसाच, पासबुक तसंच. वडिलांच्या शेवटच्या काळात शेजारच्या गावातली एक संस्था बुडाली, एजंटाच्या दारात लोक बसले होते. बिचाऱ्या एजंटाने स्वतःचं शेत विकून काहींचे दिले. लोकांना एवढंच सांगायचं आहे की रोजची बचत पतसंस्थेत करा, सोय आहे, पण साठलेली रक्कम वर्षातून एकदा बँकेत हलवा.

लोकल_९_१४

हे सगळं वाचून वडिलांशी काल फोनवर बोललो. ते खताला रोख का देतात ते विचारलं. म्हणाले, फोनवरून दिले तर दुकानदार उधारी देत नाही, म्हणतो तुमच्या खात्यात पैसे आहेत की! निम्मे रोख आणि निम्मे दिवाळीनंतर, हा त्यांचा पिढ्यानपिढ्यांचा व्यवहार आहे. हे मला खरंच माहीत नव्हतं. तरीही पक्क्या बिलाचा माझा आग्रह कायम आहे.

काळी_माती

लोकल, तो आग्रह सोडू नका, वडिलांना रोज सांगा.

साहेब, तुम्हाला एक प्रश्न. माझ्या चुलत्याच्या बाबतीत घडलेलं आहे. अतिवृष्टीची मदत खात्यावर पडली आणि बँकेने खात्याला होल्ड लावला, कारण पीककर्ज थकलेलं. बँकेचं नाव घेत नाही. शाखेत गेला तर सांगितलं, वरून आदेश आहे. हे बरोबर आहे का? शहरात कोणाचं क्रेडिट कार्ड थकलं तर त्याचा पगार असा अडवतात का?

शिक्का_आणि_सही

काळी माती, शहरात कर्ज त्याच बँकेचं असेल तर बँक खात्यातून वळतं करू शकते, त्यामुळे तिथे होतच नाही असं नाही. पण नैसर्गिक आपत्तीच्या मदतीचं वेगळं आहे. मदतीच्या शासन निर्णयातच साधारणपणे लिहिलेलं असतं की या रकमेतून बँकेने कर्जवसुली करू नये. तो निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर मिळतो. त्याची प्रत काढा, ते वाक्य अधोरेखित करा आणि चुलत्यांच्या सहीने शाखेला लेखी अर्ज द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. तोंडी बोलू नका. तोंडी विनंतीला शाखेत उत्तर देणारा कोणी नसतो, लेखी अर्जाला द्यावं लागतं. एक प्रत तहसीलदारांना. बँक राष्ट्रीयीकृत किंवा ग्रामीण असेल आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, खर्च काही नाही. १४४४८ वर फोन करून मराठीतून विचारता येतं.

गाव आणि शहर यातला सगळ्यात मोठा फरक मला इथे दिसतो. शहरातला माणूस शाखेत आवाज चढवतो, ईमेल करतो, समाजमाध्यमावर लिहितो. गावातला माणूस "साहेब नाही म्हणाले" एवढं ऐकून घरी जातो, कारण पुढच्या खरिपाला त्याच साहेबाच्या समोर उभं राहायचं असतं. ही भीती काढायला कुठलंही ॲप पुरेसं नाही.

रानफूल

साहेब, आईच्या खात्याला वारस लावायचा आहे. आम्ही तिघी बहिणी. बँकेत म्हणतात एकच नाव लावा.

शिक्का_आणि_सही

१ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्याला चार जणांपर्यंत नावं लावता येतात, प्रत्येकीचा हिस्सा टक्क्यांत लिहून. बेरीज शंभर व्हायला हवी, म्हणजे तिघींना ३३, ३३ आणि ३४ असं काहीतरी आईने स्वतः ठरवावं. शाखेत नॉमिनेशनचा फॉर्म मागा, आईची सही किंवा अंगठा लागेल. अंगठा असेल तर दोन साक्षीदार घेऊन जा. आणि पोच पावती घेतल्याशिवाय निघू नका.